‘स्मोकिंग’ म्हणजे धूम्रपान नव्हे

महोदय,

फ्रेंच वा जर्मन मजकुरात कुणी ‘स्मोकिंग’मध्ये आला, तर अनुवादकाने त्याच्या हाती सिगारेट देऊ नये. तो काळ्या बो-टायसह घालायचा समारंभी सूट; इंग्रजांचे ‘डिनर जॅकेट’, अमेरिकनांचा ‘टक्सिडो’. इंग्रजीतले ‘स्मोकिंग जॅकेट’ हा तर घरात घालायचा मखमली कोट. युरोपने त्यातले ‘जॅकेट’ छाटले आणि अर्थही फिरवला.

फिनिशमध्ये ‘स्मोक्की’, लिथुएनियनमध्ये ‘स्मोकिंगास’. स्पॅनिशला शब्दारंभी ‘स्म’ चालत नाही, म्हणून आधी ‘ए’ चिकटला (आपल्याकडे स्टोव्हचा ‘इस्टो’ झाला तसाच) आणि शेवटचा ‘ग’ गळला: ‘एस्मोकिन’, अनेकवचन ‘एस्मोकिनेस’. इटालियनमध्ये अनेकवचनातही ‘स्मोकिंग’च, आधीचे उपपद (इंग्रजी ‘द’सारखे) ‘लो’ आहे की ‘ल्यी’, यावरून एक की अनेक ते ओळखायचे.

— एक भाषाभ्यासक