आधी उतरायला शिकवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत, हल्ली ज्याला ‘सप बोर्ड’ म्हणतात त्या उभ्याने वल्हवायच्या लांब फळीच्या टोकावर ऐटीत बसलेल्या एका कुत्र्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. छायाचित्र सुरेख होते, परंतु ‘कुत्र्याला पोहता येतेच, त्यामुळे त्याला बोर्डावर बसवणे अवघड नाही’ ही त्याखालची ओळ मला खटकली. कुत्र्याला बोर्डावर चढवणे खरोखरच अवघड नाही. त्याने योग्य वेळी, योग्य जागी आणि सांगितल्यावरच उतरणे हे खरे शिकवण्याचे काम आहे आणि त्याचा उल्लेख मात्र कोणी करत नाही.

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून हवा भरायचा बोर्ड घेऊन शिंदखेडा तालुक्यातील आमच्या मळ्यावर आला. सुमारे साडेदहा फूट लांब, बत्तीस इंच रुंद आणि सहा इंच जाड असा तो बोर्ड आमच्या काळूसह त्याच संध्याकाळी शेततळ्यात उतरवण्याचा त्याचा बेत होता. मी तो मोडला आणि बोर्ड पाच दिवस खळ्यातच पडू दिला. (जमिनीवर सराव करताना खालचा पंख काढून ठेवावा, अन्यथा तो मोडतो.) काळू आमचा गावठी कुत्रा, त्याचा स्वभाव संशयी. पहिल्या दिवशी त्याने लांबूनच वास घेतला, दुसऱ्या दिवशी बोर्डावर ठेवलेला भाकरीचा तुकडा पुढचे दोनच पाय टेकवून उचलला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तो त्यावर चक्क झोपी गेला. कोणी त्याला उचलून वर ठेवले नाही, हे मुद्दाम सांगतो. जबरदस्तीने ठेवलेला कुत्रा बोर्डाला कायमचा बिचकतो. पुढे बोर्डाखाली गोधड्यांची गुंडाळी सारून तो डगमगता केला आणि काळूच्या आजूबाजूने वल्हे फिरवून त्याची सवय करून दिली. ‘चढ’ हा शब्द तो एका दिवसात शिकला.

पाण्यावरचा पहिला फेरा गावच्या पाझर तलावात झाला. तेथे काठ हळूहळू खोल होत जातो, म्हणून ती जागा निवडली. पुतण्या बोर्डाच्या मध्यावर गुडघ्यांवर बसला आणि काळू त्याच्या पुढ्यात. कुत्रा अगदी टोकाला गेला की बोर्डाचे पुढचे नाक पाण्यात घुसते, त्यामुळे त्याची जागा माणसाच्या लगत पुढेच असावी आणि तो शांतपणे आडवा झाल्याखेरीज माणसाने उभे राहू नये. दहा मिनिटे सारे सुरळीत चालले. परततेवेळी काठ दोन हातांवर असताना काळूला पाणी प्यायला आलेली म्हैस दिसली आणि त्याने उडी घेतली. त्या धक्क्याने बोर्ड मागे सरकला, पुतण्या कंबरभर पाण्यात आडवा झाला आणि वल्हे तिसरीकडेच गेले. त्यानंतरचे दोन दिवस आम्ही पुन्हा खळ्यात काढले: काळू बोर्डावर, भाकरी जमिनीवर, आणि ‘उतर’ म्हटल्याशिवाय पाय खाली टेकवायचा नाही. हा सराव सर्वांत कंटाळवाणा असतो आणि बहुतेक लोक नेमका तोच गाळतात.

आता शेततळ्याविषयी. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाली आणि आपल्या भागात प्लास्टिकचे अस्तर घातलेली तळी ठिकठिकाणी दिसू लागली. पाणी स्थिर, चारही बाजूंना बांध, त्यामुळे सरावाला हीच जागा उत्तम असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. तिरप्या, ओल्या, शेवाळलेल्या प्लास्टिकवर ना माणसाचा पाय ठरतो ना कुत्र्याची नखे. उत्तम पोहणारा कुत्राही काठाला लागून पुन्हा पुन्हा घसरत राहतो आणि अखेर दमून बुडतो. आमचेच एक पिल्लू काही वर्षांपूर्वी असे अडकले होते. सालदाराने वेळीच पाहिले आणि दोर कमरेला बांधून तो आत उतरला, म्हणून ते वाचले. तेव्हापासून आमच्या तळ्यात चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आणि जुने टायर सोडलेले आहेत. कुत्रा पाळा वा न पाळा, ज्यांच्या शेतात असे तळे आहे त्यांनी एवढे अवश्य करावे. कालव्याच्या काँक्रीटच्या उतारालाही हेच लागू आहे आणि तेथे पाण्याला ओढ असते ती वेगळीच. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथील बॅरेजमुळे तापीत साचलेले पाणी तलावासारखे निवांत भासते. मात्र पावसाळ्यात वरच्या अंगाच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तीच नदी ओळखू येत नाही, तेव्हा त्या दिवसांत तिकडे फिरकूच नये.

पोहण्याबद्दल बोलायचे तर सर्व कुत्री सारखी नसतात. चपट्या नाकाचे पग आणि बुलडॉग किंवा आखूड पायांचे डॅशहुंड यांना पाण्यावर तरंगत राहणेही जड जाते. गावठी कुत्रा पोहतो, तरीही पाठीवर मूठ असलेले कुत्र्याचे लाईफ जॅकेट हवेच, कारण पडलेल्या कुत्र्याला त्या मुठीला धरून वर घेता येते. गळ्यातल्या पट्ट्याला धरून ओढल्यास त्याचा गळा आवळला जातो. आणि साखळीने वा दोरीने कुत्र्याला बोर्डाला कधीही बांधू नये. बोर्ड उलटला तर त्याला सुटायला वाट उरत नाही.

आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात हा उद्योग करूच नये, असे माझे मत आहे. पारा ४४ अंशांवर असताना बोर्डाचा पृष्ठभाग पंजे भाजण्याइतका तापतो, आणि कुत्रा अंग निववतो ते प्रामुख्याने धापा टाकून. दिवाळी ते होळी हा काळ बरा, तोही कोवळ्या उन्हात आणि पंधरा-वीस मिनिटेच.

यापुढे अशी छायाचित्रे छापताना कुत्र्याच्या अंगात लाईफ जॅकेट आहे की नाही हे आपण पाहावे, एवढी विनंती आहे. काळू आता ‘उतर’ ऐकल्याशिवाय बोर्ड सोडत नाही. पुतण्या मात्र अजूनही मधूनच सोडतो.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, ता. शिंदखेडा, जि. धुळे