हिशोबाचा ह

भांडुप,
शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

डबा दादाबरोबर पाठवतोय. वरच्या कप्प्यात थालीपीठं आहेत, खाली दही. चार्जर पिशवीच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलाय. गुरुवारी सकाळी तू तो भिंतीलाच लटकत ठेवून गेलीस, त्यावरून किती रागात होतीस ते कळलं. एरवी तू एक वेळ चप्पल विसरशील, पण चार्जर नाही.

फोन उचलत नाहीस, ते ठीक आहे. उद्या सकाळी दहाला तुमचं हॅकेथॉन, ती प्रोग्राम लिहायची स्पर्धा, सुरू होणार, परवा दहाला संपणार आणि मधल्या चोवीस तासांत तू पाठ टेकणार नाहीस. सगळं ठाऊक आहे मला, रात्रभर थांबायच्या परवानगीच्या कागदावर पालक म्हणून सही माझीच आहे. म्हटलं, लिहून पाठवावं. लिहिलेलं वाचताना मध्ये बोलता येत नाही. तुलाही आणि मलाही.

आईला शब्द दिलाय की हिशोबाचा ह सुद्धा काढणार नाही. तेव्हा हे पत्र पैशांबद्दल नाही.

बुधवारबद्दल आहे. तुमच्या कॉम्प्युटर क्लबचे पैसे तू स्वतःच्या खात्यात घेतेस, त्यावर ‘उद्या कोणी चोर म्हटलं तर?’ असं मी म्हणालो आणि तू त्यातला एकच शब्द ऐकलास. दोन दिवस मी स्वतःला समजावत होतो की दोष ऐकणाऱ्याचा. पण रात्री बाराला, गाडीत उभं राहून घरी आलेल्या पोरीला, तिने हात धुवायच्या आधीच असं काही ऐकवायचं नसतं. आईने डोळे वटारले होते. मी ते पाहिले होते. तरी बोललो. चुकलं माझं.

आणि ते बँकेचे मेसेज. तुझं खातं उघडलं तेव्हा तू बारा वर्षांची होतीस, माझ्याच शाखेत, म्हणून नंबरही माझाच दिला. तो बदलायचा राहून गेला. तू विचारलंस, ‘बाबा, तुम्ही माझे मेसेज वाचता?’ मी म्हणालो, येतात म्हणून दिसतात. ते खोटं होतं. वाचतो. निवृत्त माणसाच्या फोनवर दुसरं येतं काय? गेल्या पंधरा दिवसांत पैसे जमा झाल्याचे एकसष्ट मेसेज आले. टीमांची हॅकेथॉनची फी, साठ वेळा ४०० रुपये आणि एकदा ३८०. म्हणजे २४,३८०. आता मला सांग, त्या एका टीमने वीस रुपये कमी का पाठवले? आणि तू त्यांना विचारलंस का? बघ, आलंच ते. सोडतो.

खरं तर मला दुसरंच सांगायचं होतं. ऑगस्टमध्ये तू छत्री न घेता गेलीस आणि दुपारी धो धो सुरू झाला, त्या दिवशी मी कॉलेजात आलो होतो. तुला सांगितलं नाही कधी. छत्री वॉचमनकडे ठेवली असं तुला म्हणालो, तेवढं खरं आहे, पण ती ठेवायच्या आधी मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन आलो होतो. लॅबच्या दाराबाहेर उभा होतो. आत तू रिकर्शन शिकवत होतीस, म्हणजे प्रोग्राम तोच प्रश्न पुन्हा पुन्हा स्वतःलाच विचारतो ते. मला तेव्हा तो शब्दही माहीत नव्हता.

तू म्हणत होतीस, लेडीज डब्यात दाराकडे सरकताना आपण पुढचीला विचारतो, ‘पुढच्या सगळ्या दादर का?’ तिला स्वतःचं माहीत असतं, पुढच्यांचं नसतं. मग ती तिच्या पुढचीला तेच विचारते. ती आणखी पुढचीला. असा प्रश्न सरकत सरकत दारातल्या बाईपर्यंत जातो. तिच्या पुढे कोणीच नाही, ती कुणाला विचारणार? ती नुसतं ‘हो’ म्हणते आणि तो ‘हो’ तसाच एकेकीकडून मागे येत येत आपल्यापर्यंत पोचतो. दारातली ती बाई म्हणजे बेस केस, असं तू म्हणालीस. ती नसेल तर प्रश्न पुढे पुढे जातच राहील आणि प्रोग्राम कोसळेल. पोरं हसली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘ताई, हे मराठीत कळलं हो मला.’

आत अकरा मुलं होती. मी मोजली. तू त्या आठवड्यात जेवताना चिडून म्हणाली होतीस की उद्घाटनाला १८० आली, फुकटचे स्टिकर घेतले आणि आता अकरा उरली, क्लब बंदच करावा. मला तेव्हाच सांगायला हवं होतं की बारावा दाराबाहेर उभा होता आणि त्यालाही कळलं. पण मग ‘तुम्ही वर कशाला आलात’ म्हणाली असतीस.

ज्या माणसाने ऐन तारुण्यात युनियनच्या मोर्च्यात ‘कॉम्प्युटर नको’ म्हणून घसा फोडला, त्याची पोरगी ही. १९९१ साली आमच्या शाखेत खातेवहीच्या नोंदी करणारं लेजर पोस्टिंग मशीन आलं तेव्हा आठवडाभर त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. आपली नोकरी गिळायला आलंय म्हणून आम्ही त्याला बकासुर म्हणायचो. शेवटी व्याज काढायला मीच बसलो, कारण मला घरी लवकर जायचं होतं. परवा स्टेशनवर देशपांड्यांना सांगत होतो, मुलगी कॉम्प्युटर क्लबची अध्यक्ष आहे म्हणून. त्यांनी विचारलं नव्हतं.

पूर्वी तू जेवताना सांगायचीस. १९७५ साली कॅलिफोर्नियात कुणाच्या तरी गॅरेजात होमब्रू नावाचा कॉम्प्युटरच्या हौशी लोकांचा क्लब भरला, पहिल्याच बैठकीला पुढे ॲपल काढणारा वॉझ्नियाक गेला होता, आणि नंतर ॲपलच्या पहिल्या कॉम्प्युटरचं बोर्ड त्याने तिथेच मित्रांना दाखवलं. तुझे डोळे चमकत होते आणि मी विचारलं, ‘वर्गणी कोण गोळा करायचं?’ तू भात टाकून उठलीस. मी गमतीने म्हणालो होतो. निदान अर्धं गमतीने.

बरं, आता आईला दिलेला शब्द मोडतो. ती झोपलीय.

करी रोडला चाळीत असताना मी गणपती मंडळाचा खजिनदार होतो, एवढंच तुला माहीत आहे. त्या कोनाड्यातल्या फोटोत मी ढोलामागे आहे, तो त्याच वर्षीचा, १९९६ चा. मी बँकेतला, म्हणून सगळ्यांनी हिशोब माझ्या गळ्यात घातला. धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी काढलेली, पावतीपुस्तकांवर क्रमांक छापलेले, सगळं रीतसर. विसर्जनानंतर हिशोबाला बसलो तर रोकड ५४० रुपयांनी कमी. तीन रात्री मोजलं. शेवटी स्वतःच्या पगारातले घातले आणि ताळेबंद मांडला. पैसे घातले हेही लपवलं नाही, सभेत सांगितलं. वाटलं, प्रामाणिकपणा दिसेल. लोकांना दिसलं ते एवढंच की पैसे कमी होते आणि ते खजिनदाराने भरले. न खाल्लेले पैसे कोण भरतं?

तोंडावर कोणी काही म्हणालं नाही. कोजागरीला गच्चीवर दूध आटत असताना कोणीतरी म्हणालं, ‘साखर बँकवाल्याला मोजू देऊ नका रे.’ सगळे हसले. मीही हसलो. अण्णा तिथेच होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हापासून त्यांची गिरणी गेली, पीएफचे तेवढे मिळाले, पण त्या माणसाने चाळीत कुणाचे चार आणे ठेवले नव्हते. ते दूध न घेता खाली उतरले. पुढच्या वर्षी आरतीला आले नाहीत. गुडघ्यांचं कारण सांगितलं.

आणि ऐक, चूक सापडली. डिसेंबरात, बँकेतच, दुसऱ्या कुणाचा फरक शोधताना. बँकेत पोरासोरांनाही ठाऊक असतं की फरकाला नऊने भाग गेला तर आधी बघायचं, कुठे आकडे उलटसुलट झालेत का किंवा शून्य जास्त पडलंय का. ५४० ला नऊने भाग जातो. ६० येतात. घरी येऊन पुस्तकं काढली तर साठ रुपयांची पावती मी ६०० म्हणून जमा धरलेली. एक शून्य. रोकड कधी कमी नव्हतीच, वहीत जास्त लिहिली गेली होती. तसाच अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, ‘जाऊ दे रे, मिटलं ना ते आता.’

मिटलं होतं म्हणे.

म्हणून मला तुझ्या खात्याची भीती वाटते, सई. तुझ्या हाताची नाही. तू पै खाणार नाहीस हे मला माहीत आहे आणि हेच बुधवारी आधी बोलायला हवं होतं. पण खातं तुझं, पॅन तुझं. त्यात आलेले पैसे तुझेच धरले जातात आणि ते क्लबचे होते हे दाखवायचं ओझं तुझ्यावर. त्याच खात्यातून टी-शर्टवाल्याचे १,१५० गेले, त्याच खात्यातून तुझा पास निघाला आणि मंगळवारी रात्री पावणेअकराला ९० रुपयांचे वडापाव. ते वडापाव कुणाचे? तुझे की क्लबचे? आज तुला आठवतंय. मार्चमध्ये कोणी विचारलं तर आठवेल? कॉलेजच्या खात्यातून पैसे सुटायला तीन सह्या आणि सहा आठवडे लागतात, टी-शर्टवाला तेवढा थांबत नाही, हे तू सांगितलंस आणि ते मला पटलंही. पण निदान क्लबच्या सरांना एक पत्र तरी दे, की अमुक कारणाने अमुक रक्कम तात्पुरती माझ्या खात्यात घेत आहे. पोच घे त्यावर.

बँकेत एकट्याच्या हाताने काही होत नाही. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची. ते अविश्वासासाठी नसतं, नोंद करणाऱ्याच्याच भल्यासाठी असतं. दुसरी सही असती तर साठाचे सहाशे त्याच रात्री दिसले असते आणि अण्णा दूध पिऊन खाली उतरले असते. वहीत खोडरबर चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही.

हे तुला नवीन नाही. तूच मला गिट दाखवलं होतंस, २००५ साली लिनक्सच्या टॉरवाल्ड्सने केलेलं. कोणी कुठली ओळ कधी बदलली ते त्यात कायम राहतं. मी विचारलं, ‘आणि खोडलं तर?’ तू म्हणालीस, खोडता येतं, पण ज्यांच्याकडे प्रत आहे त्यांना कळतं. मग तू त्यातली ती आज्ञा चालवून दाखवलीस, प्रत्येक ओळीसमोर माणसाचं नाव येणारी. तिचं नाव ब्लेम, म्हणजे ठपका. मी दचकलो होतो, तुझ्या लक्षात आलं नसेल. चाळीस ओळींच्या प्रोग्रामला तुम्ही एवढी रोजकीर्द ठेवता आणि २४,३८० रुपये वडापावच्या शेजारी.

झालं. भाषण झालं. मला ऐकू येतं माझं बोलणं, तू समजतेस तेवढा मी बहिरा नाही. तू रात्र रात्र जागतेस, पोस्टर करतेस, राउटर खांद्यावर वाहतेस, परीक्षक आयत्या वेळी नाही म्हणाले तर दुसरे शोधतेस. आणि बाप विचारतो, वीस रुपये कुठायत. रागवायचा हक्क आहे तुला.

पण एक गोष्ट. गेल्या वर्षीचा अध्यक्ष नोकरीला बंगळुरूला गेला आणि क्लबच्या ईमेलचा ओटीपी अजून त्याच्याच फोनवर जातो, त्याला उठवून विचारावा लागतो, यावर तू किती वैतागली होतीस. ‘गेलेल्या माणसाने नंबर सोडावा ना,’ म्हणालीस. मी तेव्हा मान डोलावली. आज दुपारी शाखेत जाऊन नंबर बदलायचा फॉर्म आणला. भरून ठेवलाय, तुझी सही तेवढी हवी. सोमवारी गेलीस तर दहा मिनिटांचं काम आहे. मी बरोबर यायची गरज नाही, पण शाखेतल्या चोपड्यांना सांगून ठेवलंय.

थालीपीठं तीन तुझी, बाकीची वाटून टाक. रात्री दोन-अडीचला झोप अनावर होते तेव्हा चहा नको, पाणी पी. आणि रविवारी दुपारी येताना दारात उभी राहू नकोस, चोवीस तास जागलेलं माणूस. पुढची गाडी घे, बसायला मिळाल्याशिवाय निघू नकोस. आत्याच्या वेळी काय झालं ते माहीत आहे ना.

तुझा,
बाबा

ता. क. पिशवीत एक दोनशेपानी वही आहे. रागावू नकोस. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, रेघा मीच आखल्यात आणि प्रत्येक पानाखाली दोन सह्यांची जागा सोडलीय. दुसरी सही त्या मागच्या बाकावरच्या मुलाची घे. पहिली नोंदही मीच केली आहे: वडिलांकडून वर्गणी, ५०१ रुपये. पैसे आत्ताच तुझ्या खात्यावर टाकले. बासष्टावा मेसेज माझ्याच फोनवर वाजला. पावती पाठव.