मधुमेह शिबिरात न विचारला जाणारा प्रश्न

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणेशोत्सवानिमित्त इंदूरमधील आमच्या वसाहतीत झालेल्या मधुमेह तपासणी शिबिरात साखर, रक्तदाब, डोळ्यांचा पडदा आणि तळपायांची संवेदना हे सारे तपासले गेले. परंतु रांगेतील एकाही पुरुषाला लैंगिक ताठरता कमी झाल्याच्या तक्रारीविषयी कोणी विचारले नाही आणि कोणी आपणहून सांगितलेही नाही. चौदा वर्षे मधुमेही असलेल्या मी हीच तक्रार सहा वर्षे मनात दाबून ठेवली होती. माझे मन उडाले असे पत्नीला वाटत राहिले, आणि तिचा तो समज दूर करण्याचे धैर्य मला झाले नाही.

साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि मज्जातंतू दोन्ही बिघडतात, रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड पुरेसे तयार होत नाही, आणि ताठरता कमी होते. हा पौरुषाचा दोष नव्हे, मधुमेहाचाच उपद्रव आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वयाचा परिणाम वगळूनही, उपचार घेणाऱ्या मधुमेही पुरुषांत ताठरता पूर्णपणे गेल्याचे प्रमाण २८ टक्के आढळले. एकूण पुरुषांत ते सुमारे १० टक्के होते. शिवाय शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून अरुंद असल्याने त्या आधी तुंबतात, म्हणून ही तक्रार पुष्कळदा हृदयविकाराच्या काही वर्षे आधी दिसते. ती लपवणारा माणूस मिळालेली पूर्वसूचनाच वाया घालवतो.

न बोलणारा पुरुष भिंतींवरील ‘शर्तिया इलाज’च्या जाहिरातींकडे वळतो. मीही एका स्वयंघोषित वैद्याचे चूर्ण तीन महिने घेतले. काहीजण औषधाच्या दुकानातून सिल्डेनाफिल ही ताठरतेसाठीची गोळी परस्पर घेतात. छातीतील दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने ती गोळी घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळून जिवावर बेतू शकते. अखेर डॉक्टरांशी बोललो तेव्हा त्यांनी आधी हृदयाची तपासणी केली, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण पाहिले, रक्तदाबाची एक गोळी बदलली आणि मगच औषध दिले. पत्नीलाही त्यांनी समोर बसवून सारे समजावले, याचे मला फार मोल वाटते.

पुढील वर्षीच्या शिबिराच्या अर्जात या तक्रारीची एक ओळ असावी आणि तो प्रश्न पडद्याआड डॉक्टरांनीच विचारावा, असे मी आमच्या मंडळाला लेखी कळवले आहे. शहरातील इतर मंडळांनी आणि मधुमेहतज्ज्ञांनीही याचा विचार करावा, ही विनंती.

आपला,
एक मधुमेही वाचक, इंदूर