स्टंट कार रेसर, पुन्हा अमिगावर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

माझा जुना घरगुती संगणक, अमिगा ५००, दुरुस्त होऊन सुरू झाला, एवढे तुला फोनवर कळवलेच आहे. त्यावर ‘स्टंट कार रेसर’ हा शर्यतीचा गेम पुन्हा खेळायला घेतल्यापासून मनात जे घोळते आहे ते मात्र सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही.

जेफ क्रॅमंड यांचा हा गेम १९८९चा. त्याआधी, १९८४ साली, त्यांनी बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी ‘रेव्ह्ज’ हा रेसिंग गेम लिहिला होता आणि इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक त्या इवल्याशा यंत्रात बसवला होता. त्यामुळे गाडी खरोखर कशी वागते याचे गणित त्यांच्या हाती आधीपासूनच होते. इथे त्यांनी ते हवेत उंच उभारलेल्या, कठडे नसलेल्या ट्रॅकवर आणून सोडले. बहुतेक रेसिंग गेममध्ये बटण दाबून धरले की निम्मे काम होते. इथे वेग कमावण्यापेक्षा तो नेमका कुठे सोडायचा हे कळणे महत्त्वाचे आहे, आणि इतक्या वर्षांनी मला त्याचेच सर्वांत जास्त कौतुक वाटले.

उंच रॅम्पवरून गाडी सुटते तेव्हा स्क्रीनवर काय दिसते ते आठवून पाहा. समोर उघडे इंजिन, दोन्ही बाजूंना पुढची चाके. जमीन सुटताच चाके खाली लोंबतात, गाडीचे नाक हळूहळू झुकू लागते, आणि उतार जिथे सुरू होतो तिथे ते नाक उताराच्या कोनाशी जुळले तर गाडी अलगद टेकते. तेच थोड्या जास्त वेगाने गेलास तर उतार ओलांडून सपाटीवर आदळतोस. चाके वर दबतात, सगळे दृश्य हादरते आणि स्क्रीनच्या वरच्या पट्टीवरची, गाडीचे नुकसान दाखवणारी भेग पुढे सरकते. ती पट्टीच्या टोकाला पोहोचली की गाडी निकामी. फार जोराचा आघात झाला तर पट्टीला भोक पडते आणि ते पुढच्या शर्यतींतही तसेच राहते, म्हणजे आजच्या आततायीपणाची किंमत पूर्ण हंगामभर मोजावी लागते. बूस्टही, म्हणजे जादा वेगाचा झटकाही, मोजकाच मिळत असल्यामुळे तो उधळून चालत नाही. ‘ड्रॉ ब्रिज’ या ट्रॅकवर तर उघडमीट करणाऱ्या पुलाची वेळ दुरूनच हेरावी लागते, आणि चुकलेच तर क्रेन साखळ्यांनी उचलून पुन्हा ट्रॅकवर सोडेपर्यंत प्रतिस्पर्धी दूर निघून गेलेला असतो.

हे सारे सुमारे ७ मेगाहर्ट्झचा ६८००० प्रोसेसर आणि ५१२ केबी मेमरी यांच्यावर चालते. चित्र धक्के खात पुढे सरकते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण स्प्रिंगा, वजन आणि वेग यांचा हिशेब इतका पक्का आहे की त्या धक्क्यांमधली जागा आपले डोळे आपोआप भरून काढतात. एम्युलेटरला, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला, मी मुळीच कमी लेखत नाही, कारण आज बहुतेकांना हे गेम त्याच्यामुळेच खेळता येतात. तरीही आधुनिक संगणकावर जॉयस्टिकचा संकेत यूएसबी, ऑपरेटिंग सिस्टीम आणि सपाट स्क्रीनची स्वतःची प्रक्रिया असे टप्पे पार करत पोहोचतो व प्रत्येक टप्प्यावर थोडासा उशीर साचत जातो. अमिगाला जॉयस्टिकची स्थिती थेट वाचता येते आणि जुना, काचेच्या पिक्चर ट्यूबचा सीआरटी मॉनिटर आलेले चित्र न साठवता लगेच उमटवतो. रॅम्पच्या कडेला वेग सोडताना तो फरक बोटांना जाणवला, आणि लँडिंगचा अंदाज मला एम्युलेटरपेक्षा इथे पुष्कळच लवकर बसला.

आता तुझ्याकडचे यंत्रही बाहेर काढ, कारण सीरियल पोर्टमध्ये नल-मोडेम केबल (दोन संगणक थेट जोडणारी तार) लावून दोन अमिगांवर समोरासमोर शर्यत लावण्याची सोय या गेममध्ये आहे आणि केबल मी तयार ठेवली आहे. मात्र वीज जोडण्याआधी खालचे झाकण उघडून मेमरीचे एक्स्पान्शन कार्ड तपास. त्यावरची बॅटरी जुनी झाली की गळते आणि तिचा क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. फ्लॉपीवर बुरशीचे डाग दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नकोस, ड्राइव्हचे फ्लॉपी वाचणारे हेडही खराब होईल. माझी प्रत चांगली आहे, तिच्यावरच खेळू. पहिली शर्यत ‘लिटल रॅम्प’वर घेऊ आणि हात बसला की ‘ड्रॉ ब्रिज’कडे वळू.

तुझा,
श्रीधर