गोड बोलायचा कोटा ऑफिसातच संपतो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत 'आनंदी राहा, पॉझिटिव्ह राहा' छापाचे लेख हल्ली सारखे येतात, वाचते मी, पण राग गिळणं म्हणजेच राग सांभाळणं असं त्यात धरूनच चालतात, ते काही पटत नाही म्हणून लिहायला बसले.

मी कस्टमर केअरला फोन घेते. समोरचा शिव्या घालू दे नाहीतर रडू दे, आपल्या आवाजात हसू पाहिजे, कॉल रेकॉर्ड होतो आणि त्यावर मार्क मिळतात. दिवसभर असं गोड बोलून घरी आले की पहिला आवाज चढतो तो बेडवरच्या ओल्या टॉवेलवरून. एकदा असाच तोंडाचा पट्टा सुरू झाला तर नवरा टॉवेल उचलता उचलता हळूच म्हणाला, "मला जरा कस्टमर समज ना." आधी डोकं फिरलं, मग हसू आलं, मग बाथरूममध्ये जाऊन रडले, खरं सांगते.

आर्ली हॉकशिल्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी एअर होस्टेसचा अभ्यास करून 1983 मध्ये याला 'इमोशनल लेबर' म्हटलंय, म्हणजे हसणं हेसुद्धा कामच, पगारात धरलेलं. मी एकटीच वेडी नाही एवढं तरी कळलं! पुढे जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना किळसवाण्या फिल्म दाखवल्या आणि काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, तर चेहरे शांत राहिले पण किळस तेवढीच वाटली आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. आमचं रोजचं तेच चाललंय की.

मला उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा. आपण सगळ्याला 'टेन्शन आलंय' नाहीतर 'मूड ऑफ आहे' म्हणून मोकळे होतो, पण वैताग वेगळा, हिरमोड वेगळा, संताप वेगळा, अपमान तर अगदीच वेगळा. शिफ्ट संपली की निघायच्या आधी पॅडवर एकच शब्द लिहिते, नेमका. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीती-रागासारख्या भावनांशी संबंधित भागाची, खळबळ कमी होते असं 2007 च्या एका प्रयोगात दिसलं होतं, माझ्या मेंदूत काय होतं देव जाणे, पण परवा 'संताप' लिहायला गेले आणि हात थांबला, कारण तो अपमान होता, टीम लीडरने सगळ्यांसमोर केलेला. मग घरी जाऊन ओरडायच्या ऐवजी नवऱ्याला तेच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी टीम लीडरलाही, जरा चाचरत का होईना.

बाकी आमच्याकडे स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन झालं, तेही शिफ्ट संपल्यावर थांबवून घेऊन! त्यापेक्षा वाईट कॉलनंतर पाच मिनिटं फोन बंद ठेवायची परवानगी द्या म्हणावं, सेशन नको.

टॉवेल अजूनही बेडवरच असतो, तो विषय वेगळा.

आपली,
एक वाचक