नुसते मित्र हो, मित्रा

डोंबिवली पूर्व
रविवार, दुपार

प्रिय मंदार,

त्या दिवशी फोनवर माझ्या थाई मालिकांवरून तू म्हणालास, "तुम्ही बायका आमच्या जगण्याचे चणे-फुटाणे करून खाता." मी हसले आणि दूध उतू जातंय सांगून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतंच. मग आठ दिवस लोकलमध्ये, बँकेत, कणीक मळताना तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. आज घरात कुणी नाही, तेव्हा कागदावर भांडते.

आधी गुन्हा कबूल. वय वर्षं चव्वेचाळीस, सरकारी बँकेत कारकुनी, पदरी इंजिनिअरिंगला असलेली मुलगी, आणि तरी २०२० पासून मी थायलंडच्या या मालिका बघते. दोन मुलगे, त्यांचं प्रेम, बारा-तेरा भाग. टाळेबंदीत ईशा हेडफोन लावून रडत होती म्हणून डोकावले, तर ब्राइट आणि विन या दोन नटांची 'टुगेदर' चालू होती. मुलीचं काय बिनसलंय ते बघायला गेले आणि पहाटे तीनला उठले. बँकॉकच्या त्या कंपनीच्या, म्हणजे जीएमएमटीव्हीच्या, मालिका यूट्यूबवर फुकट मिळतात. एकेका भागाचे चार तुकडे, खाली इंग्रजी अक्षरं. डोंबिवलीहून गाडी सुटली की ठाण्याच्या आत एक तुकडा होतो. शेजारची बाई मान तिरकी करून बघते, मी फोन थोडा तिच्याकडे वळवते. आजवर कुणी उठून गेलेलं नाही. एकीने तर दादरला उतरताना नाव विचारून घेतलं.

आम्हा सहा जणींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दोघी पुण्याच्या, एक सांगलीची शिक्षिका, एक मस्कतला. ग्रुपचं नाव 'भिशी', म्हणजे नवरे वाचायच्या भानगडीत पडत नाहीत.

आता तुझा प्रश्न, की बायकांना यात काय मिळतं. खरं सांगू? नायिका नसते. तिची कंबर नसते, तिचा सोशिकपणा नसतो, सासू नसते. पडद्यावरच्या बाईशी स्वतःला मापत बसायचा जो जन्माचा रोग आहे, त्यातून तासभर सुट्टी. दोघं सारख्याच वजनाचे. कोण कुणासाठी चहा करणार ते आधी ठरलेलं नाही.

निदान मला असं वाटायचं. प्रत्यक्षात सुरुवातीच्या मालिकांत ते अगदी ठरलेलं असे. थाई नाटकसिनेमात नायक म्हणजे 'फ्रा-एक' आणि नायिका 'नांग-एक'. यातला एक आपलाच, संस्कृतातून गेलेला. या मालिकांत नांग-एकच्या जागी दुसरा मुलगा आला, तर त्यांनी शब्द पाडला 'नाय-एक'. शब्द नवा आणि जागा जुनीच, बायकोची. २०१६ साली 'सोटस' आली. इंजिनिअरिंग कॉलेज, सीनिअर-ज्युनिअर, आपल्याकडे ज्याला रॅगिंग म्हणतात तसला कारभार. त्यात पहिल्या वर्षाचा पोरगा सगळ्यांसमोर सीनिअरला म्हणतो, मी तुला माझी बायको करीन. तिथे टाळ्या. मीही शिट्टी वाजवली होती, लपवत नाही. (त्या सीनिअरचं नाव आर्थित, म्हणजे आदित्य. आणि ब्राइटच्या खऱ्या नावाची सुरुवात 'वज्र'ने होते. मराठी माणसाला असल्या गोष्टींत उगाच मालकी वाटते.)

इंग्रजी अक्षरांत हरवणारी आणखी एक गंमत. कॉलेजातली पोरं एकमेकांना 'कू' आणि 'मुंग' म्हणतात. मी-तू, पण एकदम गावरान, शिवीच्या शेजारी बसणारं. घरात, वडीलधाऱ्यांसमोर चालणार नाही असं. मग एका भागात त्यातला एक अचानक ते सोडतो आणि मऊ शब्द वापरतो. खाली अक्षरं तीच, यू. थाई न येणाऱ्याला काही घडलंच नाही असं वाटतं. पण आपल्याला कळायला काय अडचण आहे? माझी आई बाबांना चारचौघांत 'अहो' म्हणायची आणि ते आजारी पडले तेव्हा हॉस्पिटलात एकदाच 'अरे' म्हणाली. मी दारात उभी होते.

बरं, मूळ भांडण. तुला मालिकांचा राग नाही, तुला शिपिंगचा आहे, म्हणजे पडद्यावरच्या दोघांची खऱ्या आयुष्यातही जोडी लावत बसण्याचा. त्यावर मी तुझ्याशी भांडायला बसले आणि लिहिता लिहिता तुझ्या बाजूला सरकतेय, म्हणून चिडचिड होतेय.

थाई भाषेत अशा जोडीला 'खू-जिन' म्हणतात. खू म्हणजे जोडी, आणि 'जिन' हे इंग्रजी इमॅजिनचं शेपूट. मनाने लावलेली जोडी. नाव इतकं प्रामाणिक आहे की तक्रारीला जागा नाही. कंपनी दोन पोरं निवडते, मालिका संपते, पण जोडी संपू देत नाही. तेच दोघं पुढच्या मालिकेत, जाहिरातीत, मॉलमधल्या कार्यक्रमात, मनिला-टोकियोच्या स्टेजवर. चाहत्यांनाही जोडीचं आडनाव मिळतं. सोटसच्या क्रिस्ट-सिंगतोचे ते 'पेराया', पेरावत आणि प्राचाया या दोन नावांचं कडबोळं. त्या दोघांनी मधली वर्षं वेगवेगळं काम केलं, आणि २०२५ मध्ये पुन्हा एकत्र आले ते कशात, तर जुने प्रियकर परत भेटतात अशा मालिकेत. पेरायांनी नऊ वर्षं दिवा तेवत ठेवला होता. याला धंदा म्हण, भक्ती म्हण. माझ्या मते वारीला ठराविक कंपनीची छत्री विकण्याइतकं दोन्ही एकात एक आहे. ऐन रडण्याच्या प्रसंगात पोरगा चिप्सचं पाकीट फोडतो आणि लेबल कॅमेऱ्याकडे धरतो, ते बघशील तर तुझाही राग निवळेल.

आपली मराठी माणसं यात मागे होती असं नाही. सचिन-सुप्रियांनी पडद्यावर लग्न लावलं आणि १९८५ साली खरंच लग्न केलं. तिथून आपली सवय बिघडली. जोडी शोभली की आपण हॉलचं बुकिंग करायला निघतो.

आता मी काय केलं ते. एका जोडीसाठी (नाव विचारू नकोस) मी एका रात्री दोनपर्यंत जागून दोघांच्या मनगटातलं ब्रेसलेट एकच आहे का ते पाहत होते. एक फोटो विमानतळावरचा, एक जिममधला. झूम करकरून. सोनाराने हिऱ्यातला डाग शोधावा तसं. सापडलं! भिशीत टाकलं, सहा जणींनी अक्षता उधळल्या. दोन महिन्यांनी त्यातल्या एका मुलाचा एका मुलीबरोबर जेवतानाचा फोटो बाहेर आला. सांगलीच्या बाईंनी दोन दिवस जेवण टाकलं. मी त्या मुलीच्या पानावर गेले. तिच्या फोटोखाली हजारो बायका-मुली तिला शिव्या देत होत्या. इंग्रजीत, थाईत, हिंदीत, आणि एक अगदी स्वच्छ मराठीत. "तुझी लायकी आहे का?" तिचा आदला फोटो मांजराचा होता, त्याच्याखालीही तेच. तिसऱ्या दिवशी पान बंद.

मी शिवी दिली नव्हती. ब्रेसलेट मात्र मीच मोजलं होतं.

आणि त्या रात्री मला आपलं कॉलेज आठवलं, मंदार. आपणही खू-जिनच होतो की. मंदार-वृषाली. तिसऱ्या बाकावर कर्कटकाने कोरलेलं, ट्रॅडिशनल डेला साडी-झब्ब्याची मॅचिंग, कँटीनवाल्या अण्णाने न विचारता दोन कटिंग एका बशीत आणून ठेवणं. तुझ्या आईने मला वटपौर्णिमेची कहाणी सांगितलेली. आपण किती जोरात म्हणायचो, "नुसते मित्र आहोत!" आणि जितकं म्हणू तितकं लोकांना हसू फुटायचं.

तू तेव्हा काय करायचास ते मला फार नंतर उमगलं. तुझा चुलतभाऊ कॉलेजच्या गेटवर दिसला की तुझा हात आपोआप माझ्या खांद्यावर यायचा. तो गेला की हात खाली. या मालिकांच्या दुनियेत अशा बघणाऱ्यांसाठी केलेल्या जवळिकीला फॅन सर्व्हिस म्हणतात आणि त्याचे पैसे मिळतात. तुला निदान एक वर्ष शांततेत काढता आलं असेल. आणि मला, हे आजवर तुला बोलले नव्हते, तो हात आवडायचा. म्हणून मी कधी विचारलं नाही की आत्ता का ठेवलास. शिप करणाऱ्यांपेक्षा त्या बोटीत बसलेल्याला जास्त माहीत असतं असं मुळीच नाही.

मग २००९ चा जुलै. समलिंगी संबंध गुन्हा नाही, हा दिल्ली हायकोर्टाचा निकाल आलेला आठवडा, शिवाजी पार्कची चौपाटी, छत्री उलटी झालेली. तू सांगितलंस. आणि मी, तुझी इतकी जवळची, म्हणाले, "नक्की का रे? अजून एखादी चांगली मुलगी भेटली नसेल." तू कणीस अर्धं खाऊन समुद्रात भिरकावलंस आणि विषय बदललास.

जुन्या मालिकांत एक ठरलेलं वाक्य असतं. नायक पावसात भिजत म्हणतो, मला मुलगे आवडत नाहीत, मला फक्त तू आवडतोस. मला त्यात कसलं उदात्त प्रेम दिसायचं! एकदा मुंब्र्याच्या बोगद्यात ऐकू आलं ते वाक्य, आणि माझंच वाटलं. चौपाटीवरचंच. तू त्यातला नाहीस, तुला फक्त अजून नीट कुणी भेटलं नाही. मी तोच तुकडा तीनदा मागे घेऊन ऐकला, मग फोन पर्समध्ये टाकला. कुर्ल्यापर्यंत बाहेर बघत बसले.

तर या बाबतीत तू बरोबर आहेस. आम्हाला गोडवा हवा, आणि तो कुणाच्या जगण्यातून येतोय ते विचारायचं नाही. पण एक ऐक. १७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी जोड्यांना लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला, तेव्हा संध्याकाळी मी तुला फोन केला. तू म्हणालास, ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता, तो खाल्ला. एवढंच. चौपाटीवरच्या वृषालीला हे उत्तर पुरलं असतं. ती म्हणाली असती, चला, मजेत आहे. मला ते पुरलं नाही, म्हणून पुढची गाडी पकडून मी पुण्याला आले. या मालिकांनी मला शहाणं केलं असं मी म्हणत नाही. दोन माणसं काहीच बोलत नसतात तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघायची सवय मात्र लागली.

आणि थायलंडला जानेवारी २०२५ पासून अशा लग्नांचा कायदा लागू झाला. बँकॉकच्या सियाम पॅरागॉन मॉलमध्ये एकाच दिवशी शेकडो जोड्यांनी नोंदणी केली. याच सियामच्या परिसरात आमच्या जोड्यांचे कार्यक्रम होतात, पोरी रात्रभर रांगेत बसतात. त्या दिवशीचे फोटो मी बघत होते. त्यात आपल्यापेक्षा मोठी, केस पिकलेली माणसं होती. चष्मा कपाळावर सरकवून फॉर्मवर सही करणारी. त्यांना शिप करायला कुणी आलं नव्हतं. भिशीत फोटो टाकले तर तीन अंगठे आले, आणि खाली लगेच कुणाच्या तरी नव्या ट्रेलरची चर्चा. तेव्हा तुझा चण्या-फुटाण्यांचा हिशेब चुकीचा नाही.

मी ब्रेसलेटं मोजणं सोडलंय. मालिका सोडणार नाही, तेही लिहून ठेवते. सोडायला सांगितलंस तर पुन्हा दूध उतू जाईल.

एक मात्र बघ माझ्यासाठी. २०२१ ची 'बॅड बडी'. दोन शेजारी घरं, आईबापांचं हाडवैर, एक पोरगा इंजिनिअरिंगचा, एक आर्किटेक्चरचा, तो प्रान. यात बायको-नवऱ्याची वाटणी नाही, ते पावसातलं वाक्यही नाही. पाचव्या भागाच्या शेवटी दोघं गच्चीवर भांडतात, चुंबन घेतात, आणि मग प्रान तसाच निघून जातो. निघून जातानाचा तो चेहरा मी आधी कुठे पाहिलाय ते तुला सांगायला नको. मालिकेचं थाई नाव आहे 'खे फूअन ख्राप फूअन'. ख्राप म्हणजे पुरुषाने अदबीने लावायचा 'हो', आपल्या 'नाही हो'मधला. एकूण अर्थ, नुसते मित्र हो, मित्रा.

गणपतीला येतोयस ना? आई नाहीये या वर्षी, मोदक मलाच करायचेत आणि माझ्या पाऱ्या फुटतात, तेव्हा उकड तू काढ. पाचव्या भागाचे पहिले तीन तुकडे घरून बघून ये. चौथा इथे बघू, ईशाच्या लॅपटॉपवर. ती शेजारी बसली तर उठवू नकोस, तिला तुझ्याशी काहीतरी बोलायचंय म्हणे, मला सांगत नाही.

तुझी,
वृषाली