राहिलेल्या तीन गोळ्या

इंदूर,
रंगपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय विन्या,

गेर (रंगपंचमीची मिरवणूक) बघायला आलेल्या पाहुण्यांच्या गडबडीत काकूंच्या सकाळच्या केपसिटाबिनच्या, म्हणजे कॅन्सरच्या, तीन गोळ्या राहिल्या, आठवण झाली दुपारी चारला. वहिनी रात्री सहा गोळ्या एकदम देणार होत्या, तू बडोद्याहून फोन करून थांबवलंस ते उत्तम केलंस. गेल्या त्या गेल्या. रात्री नेहमीच्या तीनच.

वहिनींची चूक नाही. बीपीची गोळी राहिली तर आपण आठवेल तेव्हा घेतोच. पण केपसिटाबिन शरीरात जाऊन केमोचं औषध बनतं, सलाईनमधून देतात तेच. डोस दुप्पट झाला की गाठीबरोबर आतड्याचं अस्तर, तोंडाची त्वचा आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीही जास्त मार खातात. मग जुलाब, तोंडात फोड, ताप. एक वेळ चुकल्याने होणारं नुकसान त्यापुढे किरकोळ. चुकून सहा गेल्याच, तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता लगेच हॉस्पिटलला फोन.

आता खरी गोम चौदाव्या दिवशी येईल. रोज ६ गोळ्या, १४ दिवस, म्हणजे ८४. दहाच्या ९ पट्ट्या आणल्यात, म्हणजे एकही डोस चुकला नसता तरी ६ उरल्याच असत्या; आता ९ उरतील. त्या बघून कुणाला तरी वाटणारच की 'आणखी दीड दिवस देऊन टाकू, महागाची औषधं'. नाही. पुढचे ७ दिवस सुट्टीचे, त्यातच रक्तपेशी भरून येतात. पंधराव्या दिवशी दिलेली गोळी ती सुट्टी खाते. उरलेल्या पट्टीतच राहू देत, पुढच्या तपासणीला बरोबर न्या आणि कुठल्या तारखेची वेळ चुकली ते फाइलवर लिहून दाखवा. डॉक्टर बाकी गोळ्यांचा हिशेब तिथेच लावतील.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी तोच नियम, परत द्यायची नाही. किती पोटात गेली, किती बाहेर आली, कुणी सांगावं? उलट्या थांबत नसतील तर फोन. दिवसात नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जुलाब झाले किंवा ताप १००.४ च्या वर गेला, तर पुढचा डोस न देता फोन करायचा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. डॉक्टरांनी थांबवलेल्या गोळ्याही नंतर भरून काढायच्या नसतात.

वेळेचं म्हणशील तर सकाळी साडेआठला पोहे, नऊच्या आत गोळ्या. रात्री साडेआठला जेवण, नऊच्या आत गोळ्या. दोन डोसांत साधारण १२ तास आणि खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर. उपाशीपोटी नाही. काकूंची एकादशी असेल तर साबुदाण्याची खिचडी चालेल, निर्जळी मात्र या दिवसांत नको. थोडा उशीर झाला तर कितीपर्यंत चालेल, हे हॉस्पिटलमध्येच विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. गोळी तोडायची, कुटायची नाही. हात लावला तर धुवायचे.

एक मात्र सांभाळ: हा नियम आत्याच्या टॅमोक्सिफेनला (कॅन्सरवरचीच, पण हार्मोन रोखणारी गोळी) लावू नकोस. ती २० मिलीग्रॅमची रोजची एक गोळी, सकाळची विसरली आणि संध्याकाळी आठवली तर तेव्हा घ्यायची; दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर सोडायची. दोन एकदम तिथेही नाहीत. पण ते औषध अंगात बरेच दिवस टिकतं, त्यामुळे एका दिवसाने आभाळ कोसळत नाही. आठवड्यात तीनदा विसरली तर डॉक्टरांशी बोलायचं. गरम वाफा येतात म्हणून मुद्दाम टाळत असेल, तर ते आधी विचारून घे. आत्या स्वतःहून सांगणार नाही.

काकूंच्या गोळ्या त्या आठवड्याच्या डबीत बीपीच्या गोळ्यांबरोबर टाकू नका. पट्टीतच ठेवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर घेतल्यावर रेघ मारा, सकाळची वर, रात्रीची खाली. कालच्या तारखेला वर रिकामं ठेवा, ते पुसून भरू नका.

तुझा,
मध्या